हलगी, ताशा आणि बंदरांवरून आलेल्या कॅसेटी

सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेसाठी प्रत्येक तुकडीने एक लेख द्यावा, असे संस्थेचे पत्र आले. आम्ही १९९९ साली दहावी झालेली तुकडी. आमच्यातील कोणी आज तहसील कार्यालयात आहेत, कोणी शिक्षक, कोणी परिचारिका, कोणी चाकणच्या कारखान्यात, तर कोणी घरच्या दोन एकरांत. जमतील तेवढे एकत्र बसून काय लिहावे याचा विचार करू लागलो. निकालाची टक्केवारी, खो-खोच्या ढाली, पाण्याच्या टँकरपुढे लागलेल्या रांगा, पहाटेची वंदना हे सारे इतर तुकड्या लिहितीलच. दुसऱ्या कोणत्याही तुकडीकडे नसलेली एकच गोष्ट आमच्याजवळ होती. संगीताच्या तासाला आम्ही जग ऐकले होते. त्याच तासाला आमच्या हातून एक चूकही घडली. ती वगळून लिहिणे आम्हांला प्रामाणिकपणाचे वाटेना, म्हणून दोन्ही सांगत आहोत.

संगीताचा तास शुक्रवारी शेवटचा असे. वेळापत्रकात तो आठवड्याला एकच होता आणि घटक चाचणी जवळ आली की गणिताचे सर तो हक्काने मागून घेत. धान्याच्या कोठाराला लागून असलेली अरुंद खोली म्हणजे आमचा संगीत कक्ष. एक हार्मोनियम, तबला-डग्गा, एका बाजूची शाई उडालेली ढोलकी, दोन तुणतुणी, एक एकतारी आणि झांजांचा एक जोड एवढीच मालमत्ता. ज्वारीच्या पोत्यांचा वास आणि बाजाचा सूर आजही आमच्या मनात एकत्रच येतात.

आमचे संगीताचे सर जलशाच्या घरातले. त्यांचे वडील आंबेडकरी जलशात मागे उभे राहून झील धरीत. वामनदादा कर्डकांचे गाणे सरांनी लहानपणी रात्र-रात्र जागून ऐकलेले. अशा माणसाने आम्हांला भीमगीते शिकवावीत हे स्वाभाविक होते आणि ती त्यांनी शिकवलीही. परंतु त्यांचा एक बालमित्र मालवाहू जहाजावर खलाशी होता. बोट ज्या बंदराला लागेल तेथून तो सरांसाठी एक कॅसेट विकत घेई आणि वर्षातून दोनदा जुन्या कापडात शिवलेले पुडके टपालाने धाडी. मोंबासा, जकार्ता, पोर्ट ऑफ स्पेन, ओसाका. आमच्यापैकी बहुतेकांनी तोवर औरंगाबादसुद्धा पाहिलेले नव्हते. भूगोलाच्या नकाशावर ज्या नावांवर आमचे बोट कधी टेकले नसते, ती नावे पोत्यांच्या त्या खोलीत रुळली.

कॅसेटींवरची लिपी सरांना वाचता येत नसे. ते त्यांवर वहीच्या कागदाची चिठ्ठी चिकटवीत आणि निळ्या शाईने लिहीत: ‘बंदर: जकार्ता. वाद्य: ?’ ते प्रश्नचिन्ह आम्हांला फार आवडे, कारण शाळेत इतरत्र प्रश्नचिन्हे फक्त आमच्यासाठी असत. मग ते ग्रंथालयांतून, जुन्या विश्वकोशांतून माहिती जमवीत. कधी ती महिन्यांनी मिळे. तोवर आम्ही नुसते ऐकायचे. त्यांचा नियम साधा होता. प्रथम कॅसेट लावायची, नाव सांगायचे नाही. वहीत लिहायचे की आवाज कशाचा आहे: लाकडाचा, चामड्याचा, धातूचा, तारेचा की श्वासाचा. वाजवणारे किती जण असावेत? बसलेले की चालणारे? आनंदात की कामात?

पहिल्याच तासाला आमची फजिती झाली. बाली बेटावरचे गामेलान लागले होते. काशाच्या पट्ट्या, घंटा आणि मोठमोठ्या थाळ्या यांचा मेळ. सारा वर्ग एकमताने म्हणाला, “सर, कॅसेट खराब आहे.” आवाज लहरत होता, पाण्यातल्या प्रतिबिंबासारखा थरथरत होता. सर हसले आणि त्यांनी कॅसेट पुन्हा लावली. तिसऱ्यांदा ऐकल्यावरही आमचे मत तेच. नंतर केव्हातरी त्यांनी उलगडा केला. बालीचे कारागीर एकाच स्वराची दोन वाद्ये मुद्दाम किंचित वेगळी लावतात, एक कणभर वर, दुसरे कणभर खाली. दोन्ही एकदम वाजली की हवेत आंदोलने उठतात. तोच त्या मेळाचा प्राण. दोन्ही तंतोतंत जुळवली, तर तिथल्या कानाला ते वाद्य मेल्यासारखे वाटते. सरांनी आमची जुनी बाजाची पेटी पुढे ओढली. तिच्यातील दुहेरी सुरांपैकी एक उतरलेला होता. एक पट्टी दाबून ते म्हणाले, “हे बघा, आपलं बाली.” दुरुस्तीला पैसे नव्हते हे आम्हांला ठाऊक होते, तरीही त्या दिवसापासून त्या पेटीची लाज वाटणे थांबले.

पेटीवरून आणखी एक गोष्ट निघाली. हे वाद्य आपले असे आम्ही धरून चाललो होतो, कारण वंदनेपासून भीमजयंतीपर्यंत तिच्यावाचून काही होत नसे. सरांनी सांगितले की ती युरोपातून आली आणि जमिनीवर मांडी घालून एका हाताने भाता ओढण्याची रीत इथे बंगालमध्ये घडली. त्या पेटीला आकाशवाणीने १९४० पासून १९७१ पर्यंत बंदी घातली होती. कारण असे, की तिच्या पट्ट्या ठरलेल्या. दोन पट्ट्यांच्या मधला स्वर तिला देता येत नाही, मींड काढता येत नाही. हे ऐकल्यावर सरांनी आम्हांला अमेरिकेतील कृष्णवर्णीयांचे ब्लूज ऐकवले. गाणारा गंधारावर येई, पण कोमल गंधारावरही नाही आणि शुद्धावरही नाही, मध्येच कुठेतरी कण्हल्यासारखा थांबे. “पेटीवर काढून दाखवा,” सर म्हणाले. आम्ही दोन्ही पट्ट्या आळीपाळीने दाबल्या, एकदम दाबल्या. निघाला नाही. तुणतुण्याची खुंटी पिळून मात्र निघाला.

तुणतुण्यावरूनच आमच्या वसतिगृहातला एक उत्पात घडला. मिसिसिपीच्या काठी कापूस वेचणाऱ्यांची मुले वाद्य विकत घेऊ शकत नसत. ती घराच्या भिंतीवर दोन खिळे ठोकून एक तार ताणीत, तिच्याखाली बाटली सारीत आणि दुसरी बाटली तारेवरून फिरवीत वाजवीत. ‘डिडली बो’ असे त्याचे नाव. सर एवढे सांगून थांबले, आम्ही थांबलो नाही. दुसऱ्या दिवशी मुलांच्या वसतिगृहाच्या मागच्या भिंतीवर कुंपणाची तार ताणली गेली. आवाज असा घुमला, की आतल्या खोलीत निबंध लिहीत बसलेली मुले बाहेर धावली. भिंतच वाजत होती. तुणतुण्याला जसा खालचा पोकळ डबा, तशी या तारेला सबंध खोली. मग गिलाव्याचा हातभर तुकडा निखळला आणि आम्ही आठ जणांनी रविवारी मैदानातले दगड वेचले. रेक्टरांना ब्लूजचा इतिहास सांगण्याचा प्रयत्न आमच्यातील एकीने केला होता. उपयोग झाला नाही.

बँजोचा तास तर निव्वळ गोंधळात गेला. सरांनी नाव उच्चारताच आमच्या डोळ्यांपुढे जयंतीच्या मिरवणुकीतील बेंजो उभा राहिला, टाइपरायटरसारख्या बटणांचा. कॅसेटमध्ये निघाले भलतेच. कळले ते असे. कातडे ताणलेल्या वाटोळ्या पोटाचा तो बँजो आफ्रिकेतून गुलाम करून नेलेल्या माणसांनी अमेरिकेत घडवला. सेनेगल-गांबियाकडच्या जोला लोकांचे भोपळ्याचे, तीन तारांचे ‘अकोंटिंग’ हे त्याच्या पूर्वजांसारखेच वाद्य आजही वाजते. आणि आमचा मिरवणुकीतला बेंजो? तो म्हणजे बुलबुल तरंग, आणि त्याचे मूळ जपानमध्ये. नागोया शहरात १९१२ साली तयार झालेले ‘ताइशोगोतो’ नावाचे बटणांचे तंतुवाद्य समुद्रमार्गे आपल्याकडे आले आणि पुढे त्याला विजेचा कर्णा जोडला गेला. म्हणजे १४ एप्रिलला आमच्या वस्तीत जे वाद्य सर्वांत मोठ्याने वाजते, ते एका बौद्ध देशातून आलेले. हे कळल्यावर आम्ही किती दिवस त्याचा अभिमान मिरवला, ते आता आठवले की हसू येते.

जपानची दुसरी भेट अगदी वेगळी. ‘शाकुहाची’ हे बांबूच्या मुळाकडच्या भागाचे, पुढे चार आणि मागे एक भोक असलेले वाद्य. एक शाकु आणि आठ सुन ही त्याची लांबी, म्हणजे सुमारे ५४ सेंटिमीटर, आणि त्यावरूनच नाव. झेन परंपरेतील फुके पंथाचे भिक्खू डोक्यावर टोपलीसारखे वेताचे शिरस्त्राण घालून ते फुंकीत हिंडत. त्यांच्या दृष्टीने ते वादन नव्हते, ध्यान होते. आम्हांला तो आवाज पहिल्याने निव्वळ वारा वाटला. कुणीतरी वहीत ‘श्वास’ असेच लिहिले. सरांनी ते उत्तर वर्गात वाचून दाखवले.

याच सुमारास भन्तेजींनी एक शंका काढली. उपोसथाला अष्टशील घेणारा नृत्य, गीत, वादन यांपासून विरत राहतो. मग शाळेत हे इतके वाजवणे कशासाठी? सर गोंधळले. भन्तेजींनी मग स्वतःच सक्कपञ्ह सुत्तातील पञ्चसिख गंधर्वाची कथा सांगितली. त्याची वीणा आणि त्याचा गळा एकमेकांवर मात करीत नाहीत, एकमेकांत मिसळतात, असे भगवंतांनी कौतुक केले होते. निर्णय असा झाला की पौर्णिमेला तास होणार नाही, एरवी व्हावा. सोणाच्या वीणेची उपमा आम्हां सर्वांना तोंडपाठ होती, त्यामुळे तुणतुण्याची तार तोडली की शिक्षेऐवजी तीच उपमा ऐकावी लागे.

सहल औरंगाबादला गेली, तेव्हा सरांनी बिबी का मकबऱ्याच्या आधी आम्हांला औरंगाबाद लेण्यांच्या पायऱ्या चढायला लावल्या. सातव्या लेण्यात गाभाऱ्याच्या भिंतीवर एक नर्तिका आहे आणि तिच्या दोन्ही बाजूंना मिळून सहा वादक स्त्रिया बसल्या आहेत. सहाव्या-सातव्या शतकातील ते शिल्प आहे. आम्ही सवयीप्रमाणे वह्या काढल्या. चामडे, धातू, श्वास. बाहेर पायऱ्यांवर बसून भाकरी खाताना एक मुलगी म्हणाली, “सर, या बायांची जात कुणी लिहून नाही ठेवली.” सरांनी काही उत्तर दिले नाही. तिचे ते वाक्य पुढे आम्हांला अनेकदा आठवले.

आता ती गोष्ट. १९९७ च्या दिवाळीआधीचा शुक्रवार. चिठ्ठीवर लिहिले होते: ‘बंदर: पोर्ट ऑफ स्पेन. वाद्य: ?’ आवाज धातूचा होता, पण घंटेसारखा गोल, मऊ. वर्गाने जलतरंग म्हटले, कुणी घुंगरू म्हटले. ते निघाले तेलाचे पिंप. त्रिनिदादमध्ये इंग्रज सरकारने १८८० च्या दशकात कायदा करून कृष्णवर्णीयांच्या ढोलांवर निर्बंध घातले. ढोल गेले, तेव्हा लोकांनी बांबूचे तुकडे जमिनीवर आपटून ताल धरला. त्यावरही पोलिसांची वक्रदृष्टी झाली, तेव्हा बिस्किटांचे डबे, मोटारींचे लोखंडी भाग, हाताला लागेल ते घेतले. बेटावर तेलाचा धंदा होता, महायुद्धात अमेरिकन नौदलाचे तळ पडले आणि रिकाम्या पिंपांची ददात राहिली नाही. पिंपाचा तळ घणाने ठोकून वाटीसारखा खोल करायचा, त्यावर एकेका स्वराचा भाग आखायचा, जाळावर तापवायचे, पुन्हा ठोकून स्वर लावायचा. हे करणारी मुले गरीब वस्त्यांतली. चांगल्या घरचे लोक त्यांना गुंड म्हणत आणि आपल्या पोरांना तिकडे फिरकू देत नसत. १९५१ साली यांच्यातलाच एक वाद्यवृंद लंडनच्या मोठ्या महोत्सवात वाजवून आला आणि १९९२ मध्ये तेच पिंप देशाचे राष्ट्रीय वाद्य ठरले. आम्ही अगदी भारावून गेलो. स्वयंपाकघरातले रॉकेलचे रिकामे पिंप पुढे आठवडाभर ठोकले गेले आणि त्यातून दोन स्वर निघाले, दोन्ही वाईट.

कॅसेटच्या दुसऱ्या बाजूला मात्र आम्ही उठून उभेच राहिलो. “सर, हा तर ताशा!” खरोखरच ताशा होता. १८४५ पासून मजूर म्हणून जहाजांतून तिकडे नेलेल्या हिंदी माणसांनी तो सोबत नेला आणि तिथे तो ‘तासा’ झाला. मातीच्या भांड्यावर बोकडाचे कातडे. वाजवण्याआधी जाळापाशी धरून ते शेकावे लागते, असे सर सांगत होते. तोच मागच्या बाकावरून एक हात वर झाला. वर्षभरात त्या मुलाने आपणहून तोंड उघडलेले आम्हांला आठवत नव्हते.

“सर, हलगीबी अशीच शेकत्यात. आमच्या बापाची हाय.”

सर आनंदले. “दिवाळीहून येताना घेऊन ये,” म्हणाले.

तो मातंग समाजातला होता. शाळा बौद्ध संस्थेची असली, तरी तिचे दार सर्वांना खुले होते आणि आम्हांला त्याचा अभिमान होता. त्याचे वडील लग्नसराईत हलगी वाजवीत आणि एरवी ऊसतोडीला जात. सुट्टीनंतर तो खरेच हलगी घेऊन आला. लोखंडी कडे, त्यावर ताणलेले बोकडाचे कातडे, एक जाडसर टिपरू आणि एक बारीक लांब काडी. धुतलेल्या टॉवेलात गुंडाळून त्याने ती पेटीत कपड्यांवर ठेवली होती. शुक्रवारी तो कोठाराबाहेर कागद पेटवून ती शेकू लागला. चामडे तापल्याचा वास आला.

आणि आम्ही नाक दाबले.

कुणी पहिल्यांदा दाबले, हे आज कुणालाच सांगता येत नाही. कुणी म्हणाले, “मयताला चाललो का?” हसणे पसरले. दोन मुली बाहेर जाऊन उभ्या राहिल्या. त्रिनिदादच्या पिंपांसाठी टाळ्या वाजवणारे आम्हीच होतो. पोर्ट ऑफ स्पेनच्या चांगल्या घरांना नावे ठेवणारे आम्हीच होतो. त्याने दोन-तीन मिनिटे वाजवले. वाजवले कसे, ते आमच्यापैकी एकालाही आठवत नाही. इतक्या कॅसेटी आठवतात, त्यांची बंदरे आठवतात, हे आठवत नाही.

रविवारी पालकांच्या भेटीचा दिवस होता. आमच्यातील एकाच्या तोंडून घरी बातमी गेली आणि पुढच्या पालकसभेत विषय निघाला. त्या मुलाचे वडील बोलायला उभे राहिले. त्यांचा आवाज चढला नव्हता. “सर, माझ्या बापाच्या गळ्यात गावाचं डफडं होतं. दवंडी त्यानंच द्यायची, मयत त्यानंच सांगायची, मेलेलं ढोर त्यानंच ओढायचं. छप्पन साली दीक्षा घेऊन घरी आला आणि डफडं चुलीत घातलं. आई म्हणाली, आता खायचं काय? तो म्हणाला, उपाशी राहू. राहिलेसुद्धा. आता तुम्ही ते शाळेत आणता?” सभेत शांतता पसरली. त्यांचे म्हणणे चूक होते, असे आम्ही आजही म्हणणार नाही. त्या डफड्यातून सुटल्यामुळेच त्यांचा मुलगा आमच्या शेजारच्या बाकावर बसून जगाचे संगीत ऐकत होता. मात्र त्याच सभेत दारापाशी दुसरा एक बाप उभा होता. त्याच्या घरी हलगी चुलीत गेली असती, तर चूल पेटवायला दुसरे कारण उरले नसते. त्याला कुणी बोला म्हटले नाही.

हलगी परत पाठवावी असे ठरले. सरांनी विरोध केला नाही. ते मान खाली घालून पेटीच्या पट्ट्या पुसत राहिले.

नंतरचे काही शुक्रवार गणिताला गेले, आणि या वेळी सरांनी ते आपणहून दिले. फेब्रुवारीत त्यांच्या मित्राचे ओसाकाहून पत्र आले. कॅसेट नव्हती, आठ पाने पत्रच होते. सरांनी ते सबंध वाचून दाखवले. जपानचे मोठे ढोल, ‘ताइको’, देवळांत आणि उत्सवांत मानाने वाजतात. पण त्यांचे चामडे कमावणारे आणि ते मढवणारे लोक मात्र बुराकू, म्हणजे अस्पृश्य मानलेले. १८७१ साली सरकारने कागदावर भेद मिटवला, माणसांच्या मनातून तो गेला नाही. ओसाकातील नानिवा ही ढोल बनवणाऱ्यांची वस्ती. पिढ्यान्पिढ्या ढोल त्यांनी केले आणि वाजवले दुसऱ्यांनी. १९८७ मध्ये तेथील तरुणांनी आपलाच ढोलपथक काढला आणि त्याला नाव दिले ‘इकारी’. इकारी म्हणजे संताप. पत्र लिहिणाऱ्याला बंदरावरच्या कुणा कामगाराने हे सांगितले होते आणि तो त्या वस्तीत जाऊन ढोलांची दुकाने पाहून आला होता.

पत्र संपले. आम्ही कुणीही मागे वळून शेवटच्या बाकाकडे पाहिले नाही. सर्वांना सर्व कळले होते. घंटा झाली, आम्ही जेवायला गेलो.

तो मुलगा दहावीपर्यंत आमच्यासोबत होता, चांगल्या गुणांनी उत्तीर्ण झाला. आज वीज वितरणात लाइनमन आहे. गेल्या मे महिन्यात तुकडीचे स्नेहसंमेलन झाले, त्याला तो सपत्नीक आला. जेवणानंतर आम्ही चौघे-पाच जण त्याच्यापाशी जाऊन बसलो आणि जे पंचवीस वर्षांत बोललो नव्हतो ते बोललो. त्याने शांतपणे ऐकून घेतले. मग म्हणाला, “तुम्ही हसलात त्याचं काही नाही रे. पोरं होतो. सर काही बोलले नाहीत, ते लागलं.” थोड्या वेळाने त्यानेच सांगितले की वडील हलगी घेऊन त्याच दिवशी एस.टी.ने गेले. कंडक्टर म्हणाला, वाजवा की बाबा, रस्ता कटेल. वडिलांनी ती टॉवेलाच्या बाहेर काढली नाही.

सर आता नाहीत. शेवटच्या आजारपणात आमच्यातील परिचारिका असलेली भगिनी त्यांना भेटायला जाई. तिच्याजवळ ते एकदा म्हणाले होते, की त्या सभेत आपण नोकरीला भ्यालो. आम्ही हे त्याला सांगितले. तो काही बोलला नाही. उठून ताटे उचलायला लागला.

त्यानंतर दोन महिन्यांनी त्याने संस्थेला एक हलगी आणून दिली. वडिलांचीच, कडे तेच, कातडे नवे. ज्या पालकांनी सभेत आक्षेप घेतला होता, ते आज ऐंशीच्या घरात आहेत. त्यांना त्यांच्या मुलाने आधी विचारले. ते म्हणाले, “माझ्या घरात नको. शाळेत ठेवायची तर नाव लिहून ठेवा, कोणी दिली ते.” त्याप्रमाणे हलगीखाली नावाची पाटी आहे.

संगीत कक्ष आता दुसऱ्या मजल्यावर आहे आणि पोती नाहीत. सध्याच्या संगीत शिक्षिका तरुण आहेत. बाली असो की त्रिनिदाद, फोनवर क्षणात लावून दाखवतात. तरी त्यांनी सरांच्या कॅसेटी चिठ्ठ्यांसकट काचेच्या कपाटात जपल्या आहेत आणि मुलांकडून नाव न सांगता ऐकवून घेण्याची रीतही चालू ठेवली आहे. नववीच्या मुलांनी आम्हांला हलगीवर तीनास दोनचा ताल वाजवून दाखवला: सहा मात्रांत एकाचे तीन ठोके, दुसऱ्याचे दोन. आमचे तेव्हा कधीच जमले नव्हते. पावसाळ्यात मात्र कातडे सैल पडते. मग मुले ती घेऊन स्वयंपाकघरामागे जातात आणि रद्दी पेटवून शेकतात. रद्दीचा हिशोब ठेवणाऱ्या मावशींची त्याबद्दल लेखी तक्रार आहे, असे आम्हांला कार्यालयात सांगण्यात आले.